लॅबची जुनी काच घरच्या बिअरसाठी वापरायची का, आणि वापरायची तर कशी

घरी बिअर, वाइन नाहीतर मीड (मधाची वाइन) करायला लागलं की काही महिन्यांत एक वेळ येतेच. स्वयंपाकघरातली भांडी पुरेनाशी होतात आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगतं की अमुक एक लॅब बंद झाली, खोकंभर काच पडून आहे, हवी तर घेऊन जा. खोकं उघडावं तर आत दोन लिटरचे कॉनिकल फ्लास्क, उंच मेजरिंग सिलिंडर, बीकर, जाड बाटल्या, आणि काही अशा नळ्या की ज्यांचं नावही माहीत नसतं पण दिसतात इतक्या भारी की ठेवून यायला मन होत नाही. मग पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "स्वच्छ धुतलं, उकळत्या पाण्यातून काढलं की झालं ना?"

तर नाही. म्हणजे कधीकधी हो, पण ते "कधीकधी" नेमकं कधी हे कळायला आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसली पाहिजे. भांडं स्वच्छ करणं म्हणताना आपण तीन वेगवेगळी कामं एकाच शब्दात कोंबतो. एक म्हणजे मळ काढणं, चिकटलेलं, वाळलेलं, तेलकट जे काही आहे ते. दुसरं म्हणजे जंतू मारणं, ज्याला आपण सॅनिटाइझ करणं म्हणतो. आणि तिसरं म्हणजे रसायनाचा अंश काढणं. घरी बिअर करणाऱ्याला पहिली दोन कामं पाठ असतात, तिसऱ्याशी त्याचा कधी संबंधच आलेला नसतो, कारण नव्या भांड्यात तो प्रश्नच नसतो. सॅनिटायझर जंतू मारतो, त्याने शिसं मरत नाही. पारा उकळला म्हणून "निर्जंतुक" होत नाही, उलट त्याची वाफ घरभर होते. धातू हे मूलद्रव्य आहे, ते तापवा, भाजा, ब्लीचमध्ये बुडवा, ते नष्ट होत नाही.

याचं एक जुनं आणि भयंकर उदाहरण बिअरचंच आहे. १९०० साली इंग्लंडमध्ये, मुख्यतः मँचेस्टर आणि आसपासच्या भागात, हजारो बिअर पिणारे आजारी पडले, हातापायाला मुंग्या, अशक्तपणा, कातडी काळवंडलेली. डॉक्टरांना सुरुवातीला वाटलं की हे दारूमुळेच झालंय. नंतर कळलं की बिअरमध्ये आर्सेनिक होतं, आणि ते आलं होतं ब्रुइंगसाठी लागणारी साखर बनवताना वापरलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमधून. सहा हजारांहून जास्त लोकांना बाधा झाली आणि किमान ७० माणसं गेली. आता हे प्रमाण काही एका धुतलेल्या फ्लास्कचं नाही, ती तुलना मी करत नाहीये. पण ती बिअर रीतसर उकळलेली होती, आंबवलेली होती, आणि आर्सेनिकला त्याने काहीही फरक पडला नाही, एवढं लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आपलं पेय. पाणी ठेवलं असतं तर एक वेळ ठीक, पण बिअरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) असतो ४ ते ४.५ च्या आसपास, वाइनचा ३ ते ४, कोंबुचा (आंबवलेला चहा) तर त्याहूनही आंबट होऊ शकतो. वर अल्कोहोल. आणि वर वेळ, कारण आपण हे दोन मिनिटं ठेवत नाही, आठवडे ठेवतो, मीडवाले तर महिनोन्महिने. आंबटपणा धातूचे अंश सोडवतो, अल्कोहोल तेलकट आणि सेंद्रिय रसायनं ओढतो. म्हणजे एखाद्या भांड्याच्या भिंतीला काय चिकटलंय ते हळूहळू काढून घ्यायला जसं द्रावण लागेल, साधारण तसंच द्रावण आपण त्यात भरून, झाकून, अंधारात ठेवून देतो. आणि मग ते पितो.

आता काचेची बाजूही ऐकली पाहिजे, कारण काच बिचारी मुळात चांगली असते. लॅबची बहुतेक काच बोरोसिलिकेट असते, जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी विकसित केलेली. त्यात साधारण ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड. ही काच तापल्यावर फार कमी फुगते. एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापवला तर तो ३.३ मायक्रोमीटरने वाढतो, आणि साधी खिडकीची किंवा बाटलीची काच ९ च्या आसपास. भांड्यावर कुठेतरी बारीक अक्षरात "३.३" लिहिलेलं दिसतं ते हेच. बोरॉन आपल्या पेयात उतरेल ही काळजी करू नका, ही काच आम्लाला जवळजवळ दाद देत नाही. आणि ती प्लॅस्टिकसारखं काही शोषूनही घेत नाही.

मग रसायन लपतं कुठे? ओरखड्यांत, तड्यांत, आणि जिथे काच मुद्दाम खरखरीत केलेली असते तिथे. लॅबच्या कितीतरी वस्तूंना दुधाळ, घासलेले जोड असतात, एकात एक घट्ट बसणारे, त्यांना ग्रीस लावलेलं असतं आणि ते ग्रीस वर्षानुवर्षं जे काही वाहून गेलं त्याचा थोडा थोडा नमुना जपून ठेवतं. गाळणीच्या काही फनेलांत काचेचीच सच्छिद्र चकती असते, ती तर आतून स्पंजसारखीच, तिला कितीही धुवा, आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. ही चकती असलेली वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नका. नळ असलेली ब्युरेट (मापाची लांब नळी), फाटे असलेले फ्लास्क, रबराचे, कॉर्कचे बूच, प्लॅस्टिकची टोपणं, वॉशर, हे सगळं बाहेर. रबर आणि प्लॅस्टिक वास धरतात हे आपल्याला डब्यांवरून माहीतच आहे, ते रसायनही तसंच धरतात. मॅग्नेटिक स्टररचा (चुंबकाने ढवळायच्या यंत्राचा) तो छोटा पांढरा टेफ्लॉनचा तुकडा मिळाला तर तोही टाका, त्यावर जे राखाडी काळे डाग असतात ते बरेचदा धातूचे असतात आणि घासून जात नाहीत. नवीन घ्या.

आणि अगदी गुळगुळीत दिसणाऱ्या काचेच्या पृष्ठभागावरही धातूचे आयन थोडेफार धरून ठेवायची सोय असते. म्हणूनच जिथे अगदी सूक्ष्म प्रमाणात धातू मोजतात तिथले लोक प्रत्येक भांडं पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये तासन्‌तास बुडवून ठेवतात, नाहीतर मागच्या नमुन्याचा अंश पुढच्या नमुन्यात येतो. गंमत म्हणजे काही वेळा घाण ही धुण्यामुळेच येते. पूर्वी लॅबमध्ये काच चकाचक करायला क्रोमिक ॲसिड वापरायचे, नारिंगी-तपकिरी, भयंकर जहाल. काच त्याने आरशासारखी व्हायची, पण क्रोमियम काचेला चिकटून राहायचं, आणि त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणजे जुना फ्लास्क लखलखीत आहे याचा अर्थ तो निर्धोक आहे असा होत नाही.

आता खरा मुद्दा. मी एखादा फ्लास्क हातात घेतला की पहिला प्रश्न काचेबद्दल विचारत नाही, तो कुठे नोकरीला होता ते विचारतो. आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोकांना वाटतं की शाळेची लॅब म्हणजे निरुपद्रवी, लेकरंच तर वापरायची. पण शाळा-कॉलेजच्या जुन्या केमिस्ट्री लॅबमध्ये क्षार ओळखायच्या प्रयोगांसाठी लेड नायट्रेट, मर्क्युरीचे क्षार, पोटॅशियम डायक्रोमेट असा सगळा गोतावळा असायचा आणि भांडी मुलंच धुवायची, जशी मुलं धुतात तशी. पाणी तपासणारी लॅब म्हणजे फक्त पाणीच ना? त्यातली सीओडी नावाची चाचणी घ्या, पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची, त्यात डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट आणि मर्क्युरिक सल्फेट हे तिघेही लागतात, शिवाय गरम सल्फ्युरिक ॲसिड.

अन्न तपासणारी लॅब? तिथला एक किस्सा मला फार आवडतो. लांब मानेचा, पेरूच्या आकाराचा एक फ्लास्क असतो, केल्डाल फ्लास्क. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे चक्क बिअर कंपनीच्या लॅबमध्ये, धान्यातलं प्रोटीन मोजायची पद्धत काढली. (त्याच लॅबमध्ये १९०९ मध्ये सॉरेन्सन यांनी पीएचची मोजपट्टी दिली, त्यामुळे होमब्रूइंगवाल्यांनी या लॅबचे आभारच मानायला हवेत.) म्हणजे वंशावळीने बघितलं तर हा फ्लास्क बिअरचा सख्खा नातेवाईक. पण त्या पद्धतीत पुढे कितीतरी वर्षं कॅटॅलिस्ट (प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून पाऱ्याची किंवा सेलेनियमची संयुगं वापरली जायची. तेव्हा नाव अन्नाचं, घराणं बिअरचं, आणि तरीही त्याला माझ्या घरात जागा नाही.

जिथे औषधांवर, कीटकनाशकांवर, रंगांवर संशोधन व्हायचं तिथली काच मी सरळ सोडून देतो. किरणोत्सर्गी चिन्हाचं स्टिकर किंवा स्टिकर खरवडल्याची खूण असेल तर हातच लावायचा नाही. तिथे "आता जुनं झालं" हा हिशोब चालत नाही, फॉस्फरस-३२ चं अर्धं आयुष्य १४ दिवसांचं असतं आणि कार्बन-१४ चं ५,७३० वर्षांचं, आणि खोक्यावर कोणता होता हे लिहिलेलं नसतं. प्राण्यांच्या मेंदूच्या पेशींवर काम करणारी लॅब असेल तरी नको, कारण प्रायॉन नावाची जी बिघडलेली प्रथिनं असतात ती नेहमीच्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) खात्रीने नष्ट होत नाहीत.

मग घ्यायचं काय? सगळ्यात उत्तम म्हणजे न वापरलेली, सील असलेली, जुनी शिल्लक. लॅब बंद होतात तेव्हा अशी पॅकबंद खोकी खरंच निघतात, आतला पुठ्ठा पिवळा पडलेला असतो पण काच कोरी असते. त्यानंतर, ज्याने वापरली त्याच्याशी तुम्ही स्वतः बोललात आणि तो सांगतोय की यात फक्त साखरेची द्रावणं, यीस्टसाठी पोषक मिश्रण, पिण्याचं पाणी, मीठ असंच काही होतं, तर विचार करायला हरकत नाही. "बहुतेक काही विशेष नसावं" हे उत्तर नाही, तो अंदाज आहे, आणि माझ्या मते न माहीत असलेलं भांडं आणि वाईट इतिहासाचं भांडं यांना एकच वागणूक द्यावी. दहातले नऊ फ्लास्क निर्धोक निघतीलही, मी नाकारत नाही, पण तो दहावा कुठला हे वासावरून, रंगावरून, यूव्ही टॉर्चने, कशानेच घरी कळत नाही. सगळ्या प्रकारची रसायनं पकडेल अशी घरगुती चाचणी नसतेच. बरं, नवीन कॉनिकल फ्लास्क ही काही दुर्मीळ वस्तू नाही, त्यामुळे इतकी जोखीम कशासाठी हा प्रश्नही आहेच.

इतिहास ठीक निघाला की पुढचा प्रश्न, हे भांडं पेयाला किती वेळ भिडणार? हायड्रोमीटर (पेयाची घनता मोजायची तरंगती काचनळी) तरंगवायला २५० मिलिलिटरचा उंच सिलिंडर ही जुन्या खोक्यातली सगळ्यात कामाची वस्तू. नमुना त्यात ओतायचा, रीडिंग घ्यायचं, नमुना फेकायचा. परत फर्मेंटरमध्ये (पेय आंबतं त्या भांड्यात) ओतायचा नाही आणि चव बघायची असेल तर ती वेगळ्या ग्लासात. यीस्टचा स्टार्टर, म्हणजे बिअरमध्ये घालण्याआधी थोड्या गोड द्रावणात यीस्ट वाढवून घेणं, हे त्याच्या पुढचं काम, एकदोन दिवसांचा संबंध आणि ते सगळं शेवटी बिअरमध्ये जाणार. आणि आठवडे-महिने ज्यात पेय राहणार ते भांडं मी तरी सेकंडहँड लॅबचं घेत नाही, इतिहास कितीही स्वच्छ असला तरी.

एअरलॉकच्या (फर्मेंटरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या सोयीच्या) नळीचं टोक बुडवायला जुनी बाटली चालेल का असं बरेच जण विचारतात, कारण ती पेयाला लागतच नाही. लागते. खोली थंड झाली की फर्मेंटरमधली हवा आकसते आणि नळीतून बाहेरच्या बाटलीतलं पाणी आत ओढलं जातं. हे एकदा बघितलं की विसरत नाही माणूस, पाणी नळीतून सुळकन वर चढतं. त्यामुळे त्या बाटलीलाही तेच नियम.

जुना हायड्रोमीटर किंवा थर्मामीटर मिळाला तर वेगळी काळजी. थर्मामीटरमधली रेघ चांदीसारखी असेल तर तो पारा आहे असंच समजा, तो बिअरच्या आसपासही नको, फुटला तर सगळी बॅच गेली आणि साफसफाई वेगळीच. जुन्या हायड्रोमीटरच्या बुडाशी वजनासाठी शिशाचे छर्रे असू शकतात. काच शाबूत आहे तोवर काही नाही, केसाएवढा तडा दिसला की टाकून द्या.

आता काच तपासायची कशी. भांडं कोरडं करा, चांगल्या उजेडात धरा, नख कडेवरून फिरवा. टवका नखाला लागतो, डोळ्याला दिसेलच असं नाही. बुडाशी चांदणीसारखी बारीक तड असते का बघा, भांडं कधीतरी ओट्यावर जोरात टेकवलं की ती पडते. बाहेरची छापील रेघ, अक्षरं झडत असतील तर तेही बघून ठेवा, जुन्या रंगीत छपाईत शिसं असू शकतं. ती बाहेरच्या बाजूला असते खरी, पण तोंडाच्या कडेपर्यंत आली असेल तर नको.

एक युक्ती मात्र करून बघाच, मला स्वतःला ती बघताना लहान मुलासारखी मजा येते. एलसीडी लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून तो हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळीकुट्ट दिसते. तिथेच थांबा आणि आता स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये फ्लास्क धरा. काच निवांत असेल तर ती जवळपास काळीच राहते, आणि काचेत आतून ताण असेल तर तिथे उजळ पट्टे, कधी रंगीत, चमकायला लागतात. जोडाजवळ, नळी चिकटवलेल्या जागी थोडं दिसणं साहजिक आहे. पण बुडाच्या कोपऱ्यात किंवा मानेजवळ एखादा झगझगीत पट्टा दिसला तर ते भांडं गरम करू नका.

बोरोसिलिकेट आहे की साधी काच, हे कळायलाही एक गमतीचा उपाय आहे. खाण्याचं तेल एका भांड्यात घ्या आणि त्यात काचेचा छोटा तुकडा, नळी किंवा छोटा बीकर बुडवा. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.४७ आणि तेलाचाही जवळपास तेवढाच, त्यामुळे बुडालेला भाग अक्षरशः गायब होतो, फक्त छापलेली अक्षरं तेलात तरंगत असल्यासारखी दिसतात. साध्या काचेचा १.५२, ती दिसत राहते. नंतर तेल धुवायचा वैताग आहे, ते मान्य.

धुण्याबद्दल लोकांना फार मोठी रेसिपी हवी असते पण मामला साधा आहे. आधी साबण, मऊ ब्रश, कोमट पाणी. तारेची घासणी अजिबात नाही, ती ओरखडे पाडते आणि ओरखडा म्हणजे घाण लपायला घर आणि काच फुटायला निमित्त. मग सोडियम परकार्बोनेटचं गरम द्रावण, अर्धा तास ते रात्रभर, वाळलेला सेंद्रिय मळ त्याने सुटतो. कॉस्टिक सोडा गरम करून दिवसभर ठेवायचा मोह आवरा, काच आम्लाला दाद देत नाही पण तीव्र अल्कली तिला खरोखर खाते आणि पृष्ठभाग धूसर होतो. पांढरे खडूसारखे डाग राहिले असतील तर सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण. मग भरपूर पाण्याने खळखळून, सात-आठ वेळा, शेवटचं डिस्टिल्ड पाण्याने. भांडं उलटं धरल्यावर पाण्याचा सलग पातळ पडदा उतरला तर काच तेलमुक्त आहे, थेंब थेंब अडकले तर अजून ग्रीस आहे. काही लॅबची काच मुद्दाम सिलिकॉन चढवलेली असते, तिच्यावर कायम थेंबच धरतात. आणि हे परत सांगतो, पाण्याचा पडदा छान उतरला म्हणून धातू गेलाच असं नाही, ही चाचणी फक्त तेलकटपणाची आहे.

लॅबवाल्यांचं बघून घरी नायट्रिक किंवा क्रोमिक ॲसिड आणायच्या भानगडीत पडू नका. नायट्रिक ॲसिड अल्कोहोल किंवा ॲसिटोनच्या उरलेल्या थेंबांशी भेटलं तर स्फोटापर्यंत गोष्ट जाऊ शकते. ब्लीचचंही तसंच आहे, ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू, ब्लीच आणि अमोनिया आले की क्लोरामाइन, ब्लीच आणि ॲसिटोन आले की क्लोरोफॉर्म. ग्रीस काढायला ॲसिटोन आणि लगेच त्यावर ब्लीच, ही जोडी सुचणं इतकं सोपं आहे की मुद्दाम लिहितोय. एका वेळी एक रसायन, मध्ये पाणी, खिडकी उघडी.

एवढं झाल्यावर मग जंतूंचं काम, आणि इथे लॅबची काच खरी मजा आणते. फॉस्फोरिक ॲसिडवालं फेसाळ नो-रिन्स (नंतर धुवावं न लागणारं) सॅनिटायझर एकदोन मिनिटं चालतंच, पण बोरोसिलिकेट फ्लास्कच्या तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून ओव्हनमध्ये १७० अंशांना एक तास किंवा १६० ला दोन तास ठेवला तर तो निर्जंतुक होतो, आणि ओव्हनमध्येच थंड होऊ दिला, फॉइल काढली नाही, तर तसाच राहतो. प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबाला १२१ अंश मिळतात, तिथे १५ मिनिटं पुरतात. मेजरिंग सिलिंडर आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क मात्र ओव्हनमध्ये टाकू नका, ती मोजायची भांडी आहेत, तापवायची नाहीत. जाड भिंतीची काच जास्त मजबूत असते हा समजही सोडा. तापण्याच्या बाबतीत उलट आहे, जाड काच आत-बाहेर वेगवेगळी तापते आणि तडकते. व्हॅक्युमसाठीचे फाटा असलेले जाड फ्लास्क, रीएजंटच्या जाड बाटल्या, यांना ज्योत दाखवायची नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. दोन लिटरचा फ्लास्क, त्यात मी दीड लिटर वर्ट (यीस्ट ज्याची बिअर करतं ते माल्टचं गोड पाणी) भरलं, १०० ग्रॅमला एक लिटर या हिशोबाने माल्टची पावडर, आणि थेट गॅसवर. कॉनिकल फ्लास्कची मान अरुंद, फेसाला जायला जागा नाही, त्यामुळे उकळी फुटली तशी ती पिचकारीसारखी वर आली, चिकट, गोड, उकळती, आणि ती गॅसवर पडून करपली तो वास तीन दिवस गेला नाही. घाबरून मी फ्लास्क उचलला आणि थंड पाण्याच्या टबात ठेवला. क्षणभर काहीच नाही, मग "टक्" असा अगदी छोटा आवाज, आणि बुडाभोवती एक गोल रेघ फिरली, जणू कुणी कर्कटकाने काढली. वर्ट शांतपणे टबात मिसळून गेलं. नंतर बघितलं तर त्या जागी आधीपासून ओरखड्यांचं एक कडं होतं, फ्लास्क वर्षानुवर्षं कुठल्यातरी लोखंडी जाळीवर घासला गेला असणार. नवा असता तर कदाचित वाचलाही असता. तेव्हापासून वर्ट स्टीलच्या पातेल्यात १०-१५ मिनिटं उकळतो, २० अंशांच्या आसपास थंड करतो, आणि मग निर्जंतुक फ्लास्कमध्ये ओततो, तोही निम्माच भरून. फ्लास्कमध्ये उकळायची हौस फिटली.

दाबाबद्दल एकच पण महत्त्वाचं. लॅबची नेहमीची सपाट बुडाची बाटली दाबासाठी केलेली नसते, स्क्रूचं झाकण असलं तरी. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण २७-२८ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो एका लिटरच्या बाटलीत कोंडला तर काय होईल हे सांगायला नको, आणि फुटलेल्या काचेला बोरोसिलिकेट असल्याचा काही विशेष मान नसतो, तीही तितकीच कापते. स्टार्टरवर झाकण म्हणून सैल फॉइल पुरते. बाटलीत गॅस भरायची बिअर, सायडर यांना बिअरच्याच, दाबाच्या बाटल्या.

मोजण्याचं म्हणाल तर बीकरवरच्या आणि फ्लास्कवरच्या रेघांवर फार विश्वास नको, त्या पाच टक्के इकडेतिकडे असतात, ५०० म्हणजे ४७५ ही असू शकतं. क्लास ए चा (जास्त अचूक दर्जाचा) १०० मिलिलिटरचा सिलिंडर मात्र अर्ध्या मिलिलिटरपर्यंत खरा असतो. वाइनची आम्लता काढायला किंवा सॅनिटायझर मोजायला सिलिंडरच घ्या. फक्त सॅनिटायझरचा आणि पेयाचा सिलिंडर वेगळा ठेवा आणि पेयाच्या भांड्यांच्या बुडाशी बाहेरून हिरव्या टेपचा तुकडा लावा, मी लावतो, कारण घरात इतर कुणाला हा सगळा इतिहास पाठ नसतो आणि कुणीतरी एक दिवस त्या सुंदर बीकरमध्ये पेंटचा ब्रश बुडवून ठेवतंच.

खोक्यात उरलेले कंडेन्सर आणि नळ्या बघून ऊर्ध्वपातनाचे विचार डोक्यात येत असतील तर तो वेगळाच विषय आहे, बऱ्याच देशांत परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि अल्कोहोलची वाफ आणि ज्योत यांचं जमत नाही. त्या नळ्या कपाटात शोभेला छान दिसतात. आणि जी काच फुटेल ती बाटल्यांच्या रिसायकलिंगमध्ये टाकू नका, बोरोसिलिकेट साध्या काचेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळते, साध्या काचेच्या भट्टीत ते तुकडे न विरघळता तसेच राहतात आणि नव्या बाटलीत खडे होऊन बसतात. जाड कागदात गुंडाळा, वर "काच" लिहा, आणि कचरा नेणाऱ्याला तोंडानेही सांगा.